गेटवर उतरणारा ताप

"एकशे दोन पॉइंट एक!"

शर्टांच्या कारखान्याच्या दारात गेटकाकाने कटिंग मास्तरच्या कपाळासमोर धरलेली बंदूक वर उचलली आणि तिच्या पाठीवरचा आकडा रांगेला दाखवला. लाल दिवा लागला होता. बंदूक ताप मोजायची, प्लॅस्टिकची. पण रांगेतली चारशे माणसं अशी मागे सरकली की जणू तिच्यात गोळी भरलेली आहे. काल संध्याकाळपर्यंत ज्याच्याशी थट्टामस्करी चालली होती त्या मास्तरभोवती एवढी जागा मोकळी झाली, की तिथे कारखान्याचा ट्रक उभा राहिला असता. मास्तर बिचारा टोपी हातात घेऊन मधोमध उभा.

"घाबरू नका, घाबरू नका," म्हणत शेजारच्या खुर्चीवरून साहेबबुवा उठला.

हे नाव कामगारांनीच ठेवलेलं. अंगात साहेबाचा सूट, पायात चकचकीत बूट आणि तोंडात बुवाची भाषा, म्हणून साहेबबुवा. त्याने निळसर पाण्याच्या बाटलीत कापसाचा मोठा बोळा बुडवला, तो हातभर लांब चिमट्यात धरला (माणसाने माणसाला हात लावायचा नाही असा सरकारचा हुकूम होता, आणि साहेबबुवा कायद्याला फार मानायचा!) आणि मास्तरचं कपाळ चांगलं चोळून चोळून पुसलं.

"डोळे मीट. म्हण, ताप माझा नाही."

"ताप माझा नाही."

"ताप जगाचा आहे."

"ताप जगाचा आहे."

"जगाचा ताप जगाला परत! आता मनात वीसपर्यंत मोज. सावकाश. काय वाटतंय?"

"गार वाटतंय," मास्तर म्हणाला. "आतपर्यंत गार वाटतंय हो!"

"काका, बंदूक!"

गेटकाकाने नेम धरला. बंदूक टीं करून वाजली आणि हिरवा दिवा लागला. सत्त्याण्णव पॉइंट दोन.

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. दोघीतिघी रडल्यासुद्धा. ज्यांनी मास्तरला ट्रकभर जागा करून दिली होती तेच त्याला दुरून नमस्कार करू लागले. मास्तर छाती काढून आत गेला आणि दिवसभर दीडशे माणसांच्या हॉलमध्ये कापड कापत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, काय अडाणी माणसं! तर अजिबात नाही. शर्टाच्या खिशाला एक टाका कमी पडला तर दिव्याखाली धरून तो शोधून काढणारी ही माणसं. तयार माल तीनदा तपासल्याशिवाय खोक्यात जात नसे. पण शर्टाच्या बाबतीत तीनदा तपासणारे कपाळाच्या बाबतीत पहिल्याच आकड्यावर खूश झाले. आणि त्यांत सगळ्यात खूश होता तो गेटकाका.

बावीस वर्षं तो त्या गेटवर उभा होता. बावीस वर्षांत त्याच्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नव्हतं. येणारा कार्ड टेकवायचा नि आत जायचा. काकाचं काम गेट ढकलायचं. मग दूरदेशी रोग निघाला. कॅन्टीनच्या टीव्हीवर रोज नवा तमाशा सुरू झाला. एका महासत्तेचा अध्यक्ष म्हणे हा रोग त्यांनी पाठवला, दुसरीचा म्हणे यांनीच पेरला. एका देशाने विमानं बंद केली, दुसऱ्याने बंदरं. तिसऱ्याने दुसऱ्याकडे निघालेल्या मास्कच्या पेट्या विमानतळावरच उचलून नेल्या. आणि या सगळ्या जागतिक उलथापालथीत गेटकाकाच्या हाती ही बंदूक आली. शंभर पॉइंट चारच्या वर आकडा गेला की माणूस घरी, बिनपगारी. मॅनेजरसुद्धा सकाळी काकासमोर कपाळ पुढे करून उभा राहायचा. पहिल्या दिवशी काकाने घरी जाऊन बायकोला सांगितलं, "अगं, आज साहेब मला म्हणाले, बघा काका, मी ठीक आहे ना?"

बायको हसली आणि हसता हसता खोकली.

ती त्याच कारखान्यात डागखोलीत होती. शिवताना कापडाला तेल लागतं, पेनची रेघोटी उठते. तो स्पिरिटने पुसून काढायचा, हे तिचं काम. वीस वर्षं रोज आठ तास बोटं स्पिरिटमध्ये आणि नाक त्याच्या वाफेत. बोटं कायम गार, आणि छाती अशी झालेली की दोन जिने चढली की आतून शिट्टी वाजायची. सगळा कारखाना तिला काकू म्हणायचा. रोगाची बातमी आली त्या आठवड्यातच कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने नवराबायकोला बोलावून बजावलं होतं.

"काकू, स्पष्ट सांगते. तुमच्या छातीला हा रोग झेपायचा नाही. पहिली कणकण आली की घरी पडून राहायचं आणि मला कळवायचं. त्याच दिवशी औषधपाणी, त्याच दिवशी हॉस्पिटल. चार दिवस काढलेत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"काळजीच सोडा सिस्टर," गेटकाका म्हणाला होता. "गेटवर मी आहे. तापलेली माशी आत सोडायचो नाही."

आणि सुरुवातीला खरोखरच सोडली नाही. रोज दहा, मग वीस, मग एके दिवशी चाळीस माणसं त्याने परत पाठवली. इथेच माशी शिंकली. चाळीस मशिनी रिकाम्या पडल्या तशी मॅनेजरची झोप उडाली. कारखाना आता शर्ट शिवत नव्हता; परदेशातल्या हॉस्पिटलांसाठी मास्क आणि झगे शिवत होता. तिथलं बंदर बंद व्हायच्या आत माल निघायला हवा होता. बरं, माल नक्की कुठल्या देशाला जाणार तेही ठरेना. सोमवारी खोक्यांवर एका देशाचं लेबल लागलं, बुधवारी त्याच्या शत्रूने जास्त भाव दिला म्हणून ते खरवडून दुसरं लागलं, शनिवारी पहिल्याने धमकी दिली म्हणून पुन्हा पहिलं. पॅकिंगच्या बायकांच्या नखांत डिंक बसला. जगाचं राजकारण म्हणजे काय ते त्यांना तेव्हा नीट कळलं. साऱ्या जगासाठी मास्क शिवणाऱ्या या बायकांच्या तोंडाला काय होतं? रिजेक्ट माल. एका बाजूची नाडी तुटलेले.

अशा वेळी मॅनेजर स्वतःच्या गाडीतून साहेबबुवाला घेऊन आला.

त्याची बडबड ऐकण्यासारखी होती. "पूर्वेकडच्यांनी रोग सोडला, पश्चिमेकडच्यांनी औषध दडपलं. मी दोघांच्या मध्ये सापडलो! शेवटच्या विमानाने आलो. दोन्हीकडच्या हेरांनी बॅग तपासली. बाटली काढली, हुंगली, विचारलं, हे काय? म्हटलं, पाणी. मूर्खांनी परत ठेवली! तीन अध्यक्ष रोज सकाळी हे पाणी लावतात, पण कबूल करतील? मग त्यांच्या औषध कंपन्यांचं काय होईल?"

"पण अंग दुखतं ते थांबत नाही," कुणीतरी म्हणालं.

"दुखणारच! ताप कपाळातून सुटला की पायांतून बाहेर पडतो. वाटेत अंग दुखवतो. दुखतंय म्हणजे निघतोय. अभिनंदन तुझं!"

"खोकला येतो."

"खोकला म्हणजे त्याचं शेवटचं रडगाणं!"

प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. आजारी पडलास तर पाण्याचा गुण, बरा झालास तर पाण्याचा गुण. मेलास तर तू वीसपर्यंत नीट मोजलं नव्हतंस. आणि साक्षीला काय, तर काकाची बंदूक! एखादा जुन्या पद्धतीचा बाबा असता तर निदान निम्मे लोक हसले असते. पण इथे चमत्काराला यंत्राचा शिक्का होता, आकडा दशांशापर्यंत होता. कोण नाही म्हणणार?

सिस्टर म्हणाली. कटिंग मास्तरच्या चमत्काराच्या दुसऱ्याच दिवशी ती पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन भर अंगणात आली. "ताप उतरला म्हणता ना? मग काखेत लावून बघू. दोन मिनिटांचं काम."

"काखेत?" साहेबबुवाने डोळे मोठे केले. "चारचौघांत बायकापुरुषांच्या काखा उघडणार? अहो सिस्टर, रोग परवडला!"

रांग खो खो हसली. वरच्या खिडकीतून मॅनेजर म्हणाला, "सिस्टर, काखेत थर्मामीटर म्हणजे स्पर्श, आणि स्पर्श म्हणजे नियमभंग. दवाखान्यात बसा. बोलावलं तर या."

"निदान कपाळ न पुसता मोजा!" ती ओरडली. तिचं ऐकतो कोण? त्या दिवसापासून नियमच झाला, की आधी प्रत्येकाचं कपाळ निळ्या पाण्याने पुसायचं, मग बंदूक. लाल दिवा लागायचा बंद झाला. एकही माणूस परत जाईना. मॅनेजरने गेटकाकाला वर बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "काका, तुमच्यामुळे कारखाना निरोगी आहे." काकाला आभाळ ठेंगणं झालं.

त्या संध्याकाळी घरी तो हे सगळं रंगवून सांगत होता. बायको ऐकत होती. मग ती हळूच म्हणाली, "अहो, एक विचारू? त्या पाण्याला आमच्या डागखोलीचा वास येतो."

"कसला वास? पुदिन्याचा येतो चांगला."

"वरून पुदिना. खालून स्पिरिट. वीस वर्षं हुंगतेय मी. आणि ते लावलं की कपाळ कसं गार पडतं, तशीच माझी बोटं पडतात रोज. कपड्याचा डाग पुसताना गार पडतात, म्हणून काय मी बरी झाले?"

"तू आता साहेबांपेक्षा शहाणी झालीस?" काका उखडला. "अगं, मशीन दाखवतंय! आकडा माझ्या डोळ्यांनी बघतो मी. तुझ्या नाकावर विश्वास ठेवू की मशीनवर?"

ती वाद न घालता ताटं वाढायला उठली. तिचा स्वभावच तसा होता, आणि त्याचाही हा असा होता.

आठवड्याने एका सकाळी ती उठली तेव्हा अंग मोडून आलं होतं. डोळे जड. "कणकण वाटतेय," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाली होती तशी. आज राहू का घरी?"

काका गणवेशाची बटणं लावत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला चटका बसला, हे त्याला कळलं. नाही असं नाही. पण त्याच्या डोक्यात काय आलं? गेटकाकाची बायकोच तापाने घरी बसली, हे साहेबबुवाला कळलं तर? मॅनेजरला कळलं तर? लोक काय म्हणतील?

"गेटपर्यंत चल," तो म्हणाला. "बंदूक काय म्हणते बघू. लाल आला तर उलट पावली घरी पाठवतो. मशीन खोटं बोलतं का?"

ती गेली. साहेबबुवाने चिमट्याने तिचं कपाळ पुसलं. स्वतःच्या बायकोच्या कपाळावर काकाने नेम धरला. सत्त्याण्णव पॉइंट चार. हिरवा दिवा.

"बघ!" काका म्हणाला. "उगाच घाबरत होतीस. जा आत."

दुसऱ्या दिवशीही हिरवा. तिसऱ्या दिवशी ती गेटपर्यंत भिंतीला धरून आली, तरी हिरवा. तीन दिवस. सिस्टरने पहिला दिवस मागितला होता, काकाने तीन घालवले.

चौथ्या दिवशी दुपारी डागखोलीतून आरडाओरडा झाला. काका बंदूक घेऊनच धावला. बायको रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर आडवी पडली होती. ओठ काळेनिळे, छातीतून शिट्टीसुद्धा धड निघत नव्हती. बरोबरच्या बायका दारात उभ्या. जवळ कुणी जाईना.

काकाने बंदूक धरली. एकशे तीन पॉइंट चार. सकाळी हिरवा, दुपारी हा! त्याने खिशातून साहेबबुवाने दिलेली निळ्या पाण्याची बाटली काढली, तिचं कपाळ पुसलं आणि म्हणायला लागला, "ताप माझा नाही, ताप जगाचा आहे..." वीस अंक मोजले. बंदूक धरली. अठ्ठ्याण्णव पॉइंट एक.

"उतरला!" तो ओरडला. "उतरला गं!"

"बंदूक हलवू नका." सिस्टर दारात उभी होती. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. "तिथेच धरा. दाबत राहा. मी सांगेपर्यंत दाबत राहा."

तो दाबत राहिला. अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ. शंभर. शंभर पॉइंट आठ. एकशे दोन. कुणी काही करत नव्हतं आणि आकडा आपोआप चढत होता. पाच मिनिटंही झाली नसतील, बंदुकीवर पुन्हा एकशे तीन पॉइंट चार आला. तोवर सिस्टरने काखेत लावलेला पाऱ्याचा थर्मामीटर बाहेर काढला. तो एकशे चारवर होता.

"ही बंदूक फक्त कातडी बघते, काका. वरवरची कातडी. आतला ताप तिला दिसतच नाही." सिस्टरने कोपऱ्यातला स्पिरिटचा डबा उचलला, कापसावर ओतला आणि काकाचं कपाळ पुसलं. "आता स्वतःवर धरा."

त्र्याण्णव पॉइंट नऊ.

"झाला चमत्कार! स्पिरिट उडतं, उडताना कातडीची ऊब घेऊन जातं. ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की हुडहुडी भरते ना, तेच. कपाळ दोन मिनिटं गार पडतं आणि तुम्ही त्याच दोन मिनिटांत गेट उघडता. वीस अंक कशासाठी मोजायला लावतो तो? स्पिरिट उडायला वेळ मिळावा म्हणून! ते पाणी याच डब्यातलं आहे. वर पुदिन्याची फुलं आणि चिमूटभर नीळ. मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय."

खोक्यांच्या ढिगावरून बायकोने डोळे उघडले. तिला बोलवत नव्हतं. "वास..." एवढंच ती म्हणाली.

अँब्युलन्स तीन तासांनी आली. काकाला हॉस्पिटलच्या फाटकाबाहेरच अडवलं. तिथेही एक गेटवाला होता, त्याच्याही हातात बंदूक होती. काका चार दिवस फाटकासमोरच्या फुटपाथवर बसून होता. पाचव्या दिवशी फोन आला. लांबून, काचेपलीकडून, पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी दाखवलं. चेहरा दाखवा म्हटलं, तर नियम नाही म्हणाले. डॉक्टर फोनवर चांगल्या शब्दांत बोलला. म्हणाला, "तीन दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." याला चांगले शब्द म्हणतात.

काकाला स्वतःला दोन दिवस नुसता कोरडा खोकला आला आणि गेला. पंधरा दिवस घराबाहेर पडायला बंदी होती. त्याने मॅनेजरला फोन करून सगळं सांगितलं: स्पिरिट, पुदिना, चढणारा आकडा.

"काका, दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही," मॅनेजर म्हणाला. "आराम करा. काकू फार सोशिक होत्या."

सोळाव्या दिवशी सकाळी गेटकाका गणवेश घालून गेटवर हजर झाला. त्याच्या जागी बंदूक चालवणाऱ्या पॅकिंगच्या माणसाकडे त्याने हात पुढे केला, आणि त्या माणसाने मुकाट्याने ती देऊन टाकली. साहेबबुवाने चेहरा पाडला. "काकू गेल्या, वाईट झालं. श्रद्धा कमी पडली हो. वीसपर्यंत मोजवलं नसेल."

काकाने बंदूक घेऊन आपली जागा धरली. कारखान्याला दोन गेटं होती, रस्त्यावरचं आणि आतलं, मधे अंगण. रोजच्यासारखी पन्नास माणसं अंगणात आली. साहेबबुवाने पन्नासांची कपाळं पुसली, जगाचा ताप जगाला परत केला. काकाने बंदूक फिरवली. पन्नास हिरवे दिवे.

"चला, चला, रांग तुंबवू नका!" साहेबबुवा म्हणाला.

काकाने बाहेरच्या गेटला कुलूप लावलं. मग आतल्या गेटला लावलं. किल्ल्या खिशात टाकल्या.

"पाच मिनिटं थांबायचं," तो म्हणाला. "जागेवरून हलायचं नाही. कपाळाला हात लावायचा नाही. दुसरं काही नाही, फक्त थांबायचं."

"काय चाललंय तिकडे?" वरून मॅनेजर ओरडला. "माल निघायचाय! उघडा गेट!"

"पाच मिनिटं साहेब! बावीस वर्षांत कधी काही मागितलं नाही."

साहेबबुवा घाईने पुढे आला. "थांबायचं कशाला? शंका घेतली की पाण्याची शक्ती जाते! मी आधीच सांगून ठेवतो, आता काही झालं तर..."

"शंका मी घेतोय. शक्ती यांच्या कपाळातून का जावी?" काकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारलं. साहेबबुवा बाहेरच्या गेटचं कुलूप ओढून बघायला लागला.

पाच मिनिटं झाली. काका रांगेच्या टोकापासून सुरू झाला. हिरवा, हिरवा, लाल. शंभर पॉइंट नऊ. हिरवा. लाल. एकशे दोन. ज्याच्यावर लाल लागायचा त्याच्यापासून शेजारचा दचकून दूर सरायचा. पण अंगण ते केवढं, सरणार कुठे? पन्नासांत अकरा लाल निघाले. पाच मिनिटांपूर्वी हेच पन्नासच्या पन्नास निरोगी होते.

मग एक गंमत झाली, म्हणजे गंमत म्हणायची तर. साहेबबुवा काकाच्या स्टुलावर चढून उभा राहिला. सुटाच्या बाहीत नाक खुपसून किंचाळायला लागला, "दार उघड! मला यांच्यात कोंडू नकोस! अरे, मला मधुमेह आहे, मी मरेन!"

"का हो?" पॅकिंगची एक बाई म्हणाली. तिच्या स्वतःच्या कपाळावर लाल लागला होता. "पाणी आहे ना बाटलीत? लावा की!"

कुणी हसलं नाही. काकाने आधीच आणून ठेवलेला डागखोलीतला स्पिरिटचा डबा पुढे ओढला. एका लाल लागलेल्याचं कपाळ नुसत्या स्पिरिटने पुसलं. मंत्र नाही, डोळे मिटणं नाही. हिरवा दिवा लागला. मग सिस्टरने सांगितलेलं सगळं त्याने आपल्या शब्दांत सांगितलं. 

तेव्हा रांगेतून कटिंग मास्तर बोलला. तो जगला होता. त्याला काही झालं नव्हतं. "काका, खरं सांगू? मला माहीत होतं. सहा दिवस मला ताप होता. अंगातला ताप अंगाला कळत नाही होय? पण हिरवा दिवा लागला, पगार बुडला नाही, लोकांनी नमस्कार केला. म्हटलं, चाललंय ते बरं आहे."

"आम्हालाही माहीत होतं," अकरांतलं कुणीतरी म्हणालं. बाकीचे खाली बघत राहिले.

काकाने बंदूक खाली केली. "तुम्हाला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिने मला वाससुद्धा सांगितला होता. माझ्या हातालाही चटका कळला होता. माहीत नव्हतं ते एकट्या बंदुकीला, आणि मी तिचंच ऐकलं."

त्याने कुलपं उघडली. अकरा जण बाहेरच्या गेटने घरी गेले. साहेबबुवा त्यांच्याही आधी बाहेर पडला. अकरांना वळसा घालून, नाक दाबून, पळत. त्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. महिन्याभराने तो नदीपलीकडच्या चामड्याच्या कारखान्यात दिसला. तिथे पाणी हिरवं होतं. मॅनेजरचा माल निघाला आणि समुद्रातच दोन देशांच्या भांडणात अडकला. खोकी भिजून कुजली. पुढे चौकशी झाली. अधिकाऱ्याने कागद पुढे ओढून विचारलं, "मृत कामगार महिलेला तापात चार दिवस आत कुणी सोडलं?" मॅनेजर साहेबबुवाचं नाव सांगायला लागला. काकाने त्याला हाताने थांबवलं.

"मी सोडलं," तो म्हणाला. "लिहा."

तेव्हा बाबांनो, चमत्कार बघायला मिळाला तर टाळी वाजवू नका, थांबा. पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या जागी मोजा, दुसऱ्या हाताने मोजा. चमत्कार करणारा घाई करू लागला तर समजा की वेळ त्याचा वैरी आहे. यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण जेवढं विचारतो तेवढंच ते सांगतं. विचारायचं काय, ते आपल्याच डोक्याने ठरवावं लागतं. साक्षात तीन अध्यक्षांचा दाखला दिला तरी आपलं नाक, आपला हात, आपली अक्कल कुणाकडे गहाण टाकू नका. आणि घरातलं माणूस म्हणालं की मला बरं वाटत नाही, तर आकडा बघायला गेटपर्यंत नेऊ नका. त्याला अंथरूण घालून द्या आणि डॉक्टरला बोलवा.